गुलालाखालचा गाल

माझं दोन्ही कान फुटल्यालं हायत. कुस्तीत कानाला मार बसला की त्यो सुजतो, आत रगत गोठतं आणि पुढं त्याचा फ्लॉवरचा गड्डा होऊन बसतो. पैलवान लोक असला कान मिरवत्यात. मीबी मिरवला असता, पण आख्ख्या शिवाजी पेठेला ठावं हुतं की ह्याचा कान जिंकताना न्हाय, हरताना फुटलाय. एक न्हाय, दोन्ही.

हे आधी सांगायचं कारण म्हंजे मी उभा जन्म नोकरी केली ती कातडीच्या दवाखान्यात. पुढं पुढं तिथं गालात भराव घालायची इंजेक्शनं सुरू झाली. मी बाहेर नंबर लावायला बसायचो. बाकावरची बाई माझ्या कानाकडं बघायची, मग शेजारणीला हळूच म्हणायची, "ह्येनी बी इथंच घेतलं काय गं इंजेक्शन?" अशी काय गिऱ्हाइकं चपला घालून परत गेली, तवा डॉक्टर मॅडमनी माझी खुर्ची बाहेरनं आत नेली. मला बढती मिळाली ती ह्या कानांमुळं. शिक्षणामुळं मिळायचा काय संबंधच न्हाय, कारण शाळा आणि मी एकमेकांना लवकरच कंटाळलो. ह्ये आत्ता बी मी बोलतोय आणि माझी पोरगी लिहून घेतीया. मधनंच हसती, तवा कायतर गाळत असणार.

तालमीत मला कुस्ती जमंना, पण मालिश जमायची. हरलेल्या माणसाला जिंकलेल्याचं अंग चोळायला बसवत्यात, तशी सवय झाली. नव्वदच्या आसपास पुण्याकडनं ह्या मॅडम आल्या, त्यांनी दवाखाना काढला आणि त्यांना उचल-ठेव करायला माणूस पायजे हुता. वस्तादांनी मला पाठवलं. तालमीचं ओझं तेवढंच कमी. पहिली धा-पंधरा वर्सं खरूज, नायटा, मुरमं ह्यातच गेली. मग ते भरावाचं आलं.

ते काय असतंय, सांगतो. कोरफडीचा गर बघितलाय न्हवं, तसलं एक पारदर्शक जेल. बारीक सुईनं कातडीखाली घालायचं. गाल खोल गेला, जुन्या जखमंचा खड्डा हाय, तिथं ते आतनं टेकू देतंय. कायमचं न्हाय. वर्साभरात, जरा इकडं तिकडं, अंगातच विरून जातंय. आमच्या म्युन्सिपाल्टीचा रस्त्यावरचा भराव पहिल्या पावसात जातोय, त्या मानानं चांगलंच म्हणायचं.

आणि रस्त्यावर जे होतंय तेच गालावर बी होतंय. खड्डा भरला की कवा कवा तिथं उंचवटा येतोय. टेंगूळ. मॅडम सुई घालायच्या, पण टेंगूळ आलं की फोन उचलायला मी. सुरवातीला मी प्रत्येकाला "होतंय कमी" एवढंच सांगायचो. मॅडमनी एकदा ऐकलं आणि मला समोर बसवून शिकवलं. चार दिवसांची सूज असंल, काळं-निळं झालं असंल, तर बर्फ आणि गप बसणं. हाताला मऊ लागणारी, न दुखणारी गाठ असंल, तर जेल एका जागी गोळा झालंय, मॅडम बघतील आणि लागलं तर स्वतःच्या हातानं सारखं करतील. लाल, गरम आणि ठणकणारी असंल, तर आत जंतू, आजच्या आज बोलवायचं. आणि कातडी पांढरी फटक पडली न्हायतर निळसर जाळी दिसली आणि कळ मारतीया, तर फोन ठेवायच्या आधी म्हणायचं की रिक्षात बसा, कारण रगताची वाट अडलीया. ह्या जेलला विरघळवायचं एक इंजेक्शन असतंय, ते मॅडम फ्रीजमध्ये ठेवायच्या. त्याला मी हात लावायचा न्हाय.

"लक्षात राहील ना रे बापू?" मॅडम म्हणाल्या.

म्हटलं, "मॅडम, कोल्हापुरात तांबडा आणि पांढरा रस्सा ह्यात घोटाळा करणारा माणूस जन्माला यायचाय."

पण सगळ्यात अवघड काम म्हंजे माणसाला गालाला हात लावू न देणं. भराव घातला की माणूस बोटानं चाचपतो. चाचपला की दाबतो. दाबला की जेल सरकतंय. आमच्याकडं एक निवडणुकीला उभारणारं गिऱ्हाईक हुतं. फ्लेक्सवर गाल बसल्यालं दिसत्यात म्हणून भरून घेतलं, आणि आरशापुढं उभा राहून रोज अंगठ्यानं दाबून बघायचा. एका गालात पानाचा तोबरा धरल्यागत झालं. मॅडम म्हणाल्या, हात लावू नका. त्यो म्हणला, हात आपोआप जातोय ओ. मी म्हटलं, "सायेब, तुमास्नी तसंबी हात जोडायचंच काम हाय. जोडूनच ऱ्हावा की." आणि गडी खरंच बाजारात, देवळात, सलूनमध्ये सुद्धा हात जोडून फिरला. गाठ बसली. निवडणुकीत गडी बी बसला. पण गाल शेवटपर्यंत एकसारखं हुतं.

आता शालनमावशीचं सांगतो.

शालनमावशीचं जोतिबाच्या डोंगरावर दुकान. नारळ, खोबरं, गुलाल. लहानपणी डाव्या गालाला गळू झालतं, कुणीतरी ते तापल्या लोखंडानं फोडलं आणि तिथं खड्डा पडला. खळी म्हणायची सोय न्हाय, लिंबू बसंल एवढा. बाई पदराचं टोक दातात धरून बसायची, डावा गाल भिंतीकडं. गिऱ्हाइकाला सुट्टं पैसं सुद्धा उजव्या अंगानं द्यायची. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत बी मान फिरवून उभी. आता पोरीचं लग्न ठरलेलं, आणि पोरगी म्हणाली हुती, "आई, माझ्या लग्नात माझ्या शेजारी सरळ तोंडानं उभी ऱ्हा. मला भिंतीकडं बघणारी आई नको फोटोत."

मावशीनं हे मॅडमना सांगितलं तवा पदर दातातच हुता. मॅडमनी गाल बघितला, चाचपला. कायमचं न्हाय, वर्सभरानं जाईल, पूर्ण सपाट बी व्हायचं न्हाय, सगळं सांगितलं. मावशी म्हणाली, "लग्नापुरतं टिकलं तरी बास."

शनिवारी इंजेक्शन दिलं. खड्डा वर आला. आरसा दिला तर मावशी बराच वेळ बघत बसली आणि आरसा परत द्यायचं इसरली. मॅडमनी सांगितलं, दाबू नका, धूळ लागू देऊ नका, गर्दीत जाऊ नका. मीबी मागनं तेच सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. मावशी "व्हय, व्हय" म्हणाली आणि गेली.

मॅडम पुण्याच्या, त्यांचं सोडा. पण मी हितलाच. शनिवारनंतर रविवार येतो आणि रविवार जोतिबाचा, हे माझ्या डोक्यात यायला नको काय? डोंगरावर रविवारी वारं सुद्धा गुलाबी असतंय. त्या बाईला धुळीत जाऊ नका म्हणणं म्हंजे माशाला वल्लं होऊ नको म्हणण्यातलं.

मंगळवारी मावशी दवाखान्यात आली. पदर दातात. संगं तिची नणंद, आक्का. दोघी केसापासनं गळ्यापर्यंत गुलाबी. आणि मी काय म्हटलं असंल?

"वा मावशी. गालावर काय लाली आलीया. इंजेक्शन लागू पडलं की."

मावशीनं पदर सोडला. डाव्या गालावर, जिथं खड्डा हुता त्याच्या वरच्या अंगाला, सुपारीएवढं टेंगूळ. खाली खड्डा परत दिसाय लागल्याला.

"ह्ये बघ की लागू पडल्यालं," मावशी म्हणाली.

मी आक्काकडं बघितलं. आक्का लगेच म्हणाली, "माझ्याकडं काय बघतोस? मी चांगल्यासाठीच चोळलं."

"चोळलं?"

"मग काय. सकाळी जरा वर-खाली दिसत हुतं. आमच्या डोंगरावरल्या सगळ्या पोरांची डोस्की मी मालिश करून गोल केल्यात. लांबडं असू दे, चपटं असू दे. येवढासा गाल मला जड हाय व्हय?"

बाळाला तेल लावून डोकं आणि नाक वळवणारी म्हातारी आमच्याकडं गल्लोगल्ली असती, तिचा मान बी असतोय. आक्का त्यातली. तिनं अंगठा लावून खालनं वर असं रेटलं हुतं की सगळं जेल एका कोपऱ्यात जाऊन बसलं.

म्हटलं, "आक्का, माझं डोस्कं बी तुमीच केलं हुतं काय?"

तिनं माझं कान निरखून बघितलं. "तुझं कुणी केलं रं? नाव सांग. तिला एकदा बघून येतो."

मॅडमनी दोघींना आत घेतलं. गाल बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. कारण गाठ तर हुती, पण ती लाल हाय का न्हाय हेच कळंना. सगळंच लाल. इतकी वर्सं मला तांबडं-पांढरं शिकवणाऱ्या मॅडम, आणि समोर असा गाल की ज्याच्यावर देवानंच रंग देऊन ठेवलाय.

"मावशी, तोंड धुतलं होतं का?"

"धुतोय की रोज. ह्यो जात न्हाय ओ. माझा बा मेला तवा बी गुलाबीच हुता."

मॅडम खुर्ची ओढून मावशीपुढं बसल्या. म्हणाल्या, "नीट ऐका. सुई टोचलेल्या जागी गुलाल गेला असेल आणि आत जंतू वाढत असतील, तर मला औषध सुरू करून हे सगळं विरघळवून काढावं लागेल. थांबून चालणार नाही."

"म्हंजे लग्नात खड्डा?"

"हो."

"आणि नुसतंच गोळा झालं असंल तर?"

"तर हातानं सारखं करता येईल. बरंचसं."

मावशीनं परत पदर दातात धरला. आक्का आपला अंगठा पदराला पुसाय लागली. लग्न पुढच्या आठवड्यात, पत्रिका वाटून झाल्याल्या.

मॅडम मला म्हणाल्या, "बापू, गाल धू. सलाईनचं पाणी, कापूस. घासायचं नाही, दाबायचं नाही."

माझा हात मालिशचा. मी आयुष्यात कुणाच्या अंगाला लावला तर त्यो माणूस "आई गं" म्हणल्याशिवाय ऱ्हायला न्हाय. कापूस टेकवायचा, उचलायचा, नवा घ्यायचा. टेकवायचा, उचलायचा. कुस्तीत मला कवा एवढा घाम आला न्हाय, अर्थात कुस्ती तेवढा वेळ टिकायची बी न्हाय. कापूस गुलाबी, परत गुलाबी, मग फिकट गुलाबी. आणि मग तिथंच थांबलं. ते मुरल्यालं गुलाबी काय निघंना.

मॅडम बघत ऱ्हायल्या. मग म्हणाल्या, "आक्का, तुम्ही इकडे बसा. यांच्या शेजारी."

"मी? मला कुठं काय झालंय?"

"म्हणूनच बसा."

आक्काचा बी गाल मी तसाच कापसानं धुतला. तिचं "हळू रं मुडद्या" चालूच. मग दोन गाल शेजारी-शेजारी आणि मॅडम खिडकीच्या उजेडात वाकून एकदा हिकडं, एकदा तिकडं. साडीच्या दुकानात मॅचिंग बघावं तसं. बघितलं तर आक्काचा गालच जास्त लाल निघाला. मावशीचा दोन्हीकडं सारखा, गाठीवर जास्त न्हाय. मॅडमनी हाताची मागची बाजू दोन्ही गालांना लावली. गरम न्हाय. गाठ हलकी दाबली, दुखतं का विचारलं. दुखत न्हाय. बोट टेकवून सोडलं, कातडीखालचं रगत लगेच परत आलं का बघितलं. आलं. मग बॅटरी घेतली आणि म्हणाल्या, "तोंड उघडा. आत तर गुलाल जात नसेल."

आक्का म्हणाली, "जातोय की. भाकरीसंगं खातोय आमी त्यो."

पण गाल आतनं बघितला तर दोन्हीकडं एकसारखा. मॅडम उठल्या आणि त्यांनी बॅटरी बंद केली. "आत्ता तरी जंतू दिसत नाहीत. जेल गोळा झालंय. उद्या परत बघेन, आणि रात्रीत ठणकलं तर कधीही फोन. बापू, डोकं धर."

डोकं धरायचं म्हंजे दोन तळव्यांत असं धरायचं की हलू बी नये आणि दाबलं बी जाऊ नये. मॅडमनी हातमोजा घातला, एक बोट तोंडातनं गालाच्या आत, अंगठा बाहेरनं, आणि ती सुपारी दोन्हींच्या मधी घेऊन हळूहळू खाली पसरवाय लागल्या. मावशीचं डोळं मिटल्यालं. आक्का अंगठ्याकडं असं बघत हुती की जणू दुसऱ्या गावच्या सुईणीची परीक्षा घ्यायला आलीया.

"जरा जोर लावा की," आक्का म्हणाली.

मॅडमनी वर न बघता म्हटलं, "जोर तुम्ही लावलाय. मी तो काढतेय."

मला एवढंच कळत हुतं की डोकं हलू द्यायचं न्हाय. तालमीत माझ्या हातातनं लहान पोरं सुद्धा सुटून गेल्यात. तवा वस्ताद म्हणायचं, ह्याची पकड म्हंजे वल्ला साबण. त्या दिवशी सुटली न्हाय. वस्ताद तिथं पायजे हुतं, आसं वाटलं. मग वाटलं, नकोच. वस्ताद म्हणलं असतं, समोरची बाई सुटायला बघत न्हवती म्हणून जमलं.

झालं तवा सुपारीचा वाटाणा झालता आणि खड्डा परत वर आलता. मॅडम म्हणाल्या, "एवढा वाटाणा राहील बहुतेक. लग्नानंतर हवा तर थोडा विरघळवू." मावशीनं आरसा घेतला, वाटाण्यावरनं नजर फिरवली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जन्मभर खड्डा हुता. जरा उंचवटा बी बघू दे लोकांना."

मॅडमनी लग्नापर्यंत दुकान बंद सांगितलं. दुकान बंद ठेवणं जमणार न्हवतं, म्हणून आक्का बसायची आणि मावशी खाली बहिणीकडं राहायला गेली. जाताना मी आक्काला म्हटलं, "आता गालाकडं फकस्त लांबनं बघायचं."

"व्हय रं शहाण्या. आणि तूबी कान झाकून जा घरी. पोरं भ्यात्यात."

दुसऱ्या दिवशी मावशी दाखवाय आली, गाल थंड हुता, ठणका न्हाय. मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या जोकला हसल्या. जोक कुठला ते आठवत न्हाय, म्हंजे चांगला नसणार.

लग्नाला मला बोलावणं हुतं. मॅडमना जमलं न्हाय, म्हणून दोघांच्या वाटचं जेवायला मी गेलतो. डोंगराखालच्या कार्यालयात लग्न. अक्षता पडल्या, जेवणं झाली, फोटो सुरू झालं. मी जिलेबी घेऊन फोटोवाल्याच्या मागं उभा ऱ्हायलो, बघू तर म्हटलं.

पोरगी, नवरा, आणि पोरीच्या शेजारी मावशी. पदर खांद्यावर, दातात न्हाय. फोटोवाला म्हणला, "मावशी, हिकडं बघा." आणि मावशीची मान आपोआप वळली. डावा गाल भिंतीकडं.

"मावशी, सरळ."

मावशी सरळ झाली. त्यानं डोळा लावला, की परत मान भिंतीकडं. तिला कळत बी न्हवतं. गाल भरला, पण मानंला कुणी सांगितलंच न्हवतं. पोरीनं आईचा हात धरला. तिचं तोंड उतरलं. फोटोवाला म्हणला, "असाच काढू काय मग?"

तेवढ्यात आक्का बाजूनं पुढं आली. "थांब रं, मी करतो सरळ." आणि दोन्ही हात पसरून, अंगठं वर करून, मावशीच्या गालाकडं निघाली.

माझ्या तोंडात जिलेबी. तरी मी बोंबललो, "आक्का, गालाला न्हाय. आक्का, अंगठा खाली."

आख्खं कार्यालय गप झालं. बँडवाला सुद्धा. सगळ्यांनी आवाजाच्या दिशेनं बघितलं, म्हंजे फोटोवाल्याच्या मागं, जिथं फुटक्या कानाचा, हनुवटीवरनं पाक गळणारा एक माणूस हात वर करून उभा हुता. पोरीनं बघितलं, नवऱ्यानं बघितलं. मावशीनं बघितलं, पुऱ्या तोंडानं, आणि हसली. फोटोवाल्यानं बटण दाबलं.

त्या फोटोत मावशी सरळ हाय. वाटाणा बी दिसतोय, हसताना उलट जास्तच दिसतोय. कडंला आक्काचा एक अंगठा आलाय.

वर्स-दीड वर्सानं मी जोतिबाला गेलतो. मावशी दुकानात बसलेली, तोंड रस्त्याकडं. जेल विरून गेल्यालं, वाटाणा गेल्याला, खड्डा परत हुता तसा. पदर खांद्यावर. एक गिऱ्हाईक गालाकडं बघत हुतं, तर मावशी त्याला म्हणाली, "पावणं, नारळ हिकडं हाय." फोटो मागं भिंतीवर लावल्याला, काचेवर गुलाल बसून सगळं वऱ्हाड गुलाबी झाल्यालं.

म्हटलं, "मावशी, परत भरायचं न्हाय?"

तिनं पदराचं टोक घेतलं, तेच टोक, आणि फोटोची काच पुसली. आधी पोरीवरनं, मग स्वतःच्या गालावरनं.

"कशाला रं? पोरीला पायजे हुता त्यो फोटो झाला. आता ह्यो गाल माझाच हाय, बघू दे की बघणाऱ्याला." मग तिनं टोपलीत हात घातला. "हिकडं ये. देवाचा हाय, न्हाय म्हणू नको."

मी गाल पुढं केला. तिनं मूठभर गुलाल लावला. हळू, दाबला न्हाय.